लाट कोणाची? सिंघण यादव, लवणप्रसाद वाघेला आणि मही-तापीमधला मुलूख

बडोद्यातच वाढलेल्या एका मराठी मुलीचा प्रश्न आहे. ती स्पर्धापरीक्षेची तयारी करते. एका पुस्तकातल्या नकाशात तेराव्या शतकातला भरूच-बडोदे पट्टा देवगिरीच्या यादवांच्या रंगात दाखवला आहे, दुसऱ्यात तोच पट्टा अणहिलवाड पाटणच्या सोळंक्यांच्या रंगात. तिने दोन गोष्टी विचारल्या आहेत. यातला खरा नकाशा कुठला? आणि सिंघण यादवाकडे एवढी अफाट फौज असताना, समोर लवणप्रसाद वाघेल्याजवळ थोडकी माणसं असताना, तो गुजरात न घेताच परत का फिरला?

आधी थोडक्यात सांगतो. दोन्ही नकाशे अर्धेच खरे आहेत. लाट देश, म्हणजे हाच भरूच-बडोदे पट्टा, लढाई जिंकणाऱ्याच्या ताब्यात सहसा राहिलाच नाही. तो तिथल्या मांडलिकाच्या हातात होता आणि मांडलिक ज्याच्या बाजूने उभा राहील, त्याची तेवढ्यापुरती लाट. सिंघण परत फिरला तो हरला म्हणून नव्हे. बोलणी झाली, तह झाला, म्हणून फिरला असं मानायला चांगला आधार आहे. आता हे सगळं नीट उलगडून सांगतो, कारण ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात माझं आयुष्य गेलं आहे आणि या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, नकाशात नाही.

लाट म्हणजे ढोबळमानाने मही आणि तापी यांच्यामधला प्रदेश. सीमा काळाप्रमाणे सरकत राहिल्या, पण भरूच कायम त्याच्या पोटात. बडोदेही त्यातच. वासदच्या पुलावरून मही ओलांडली की आपण लाटेतून बाहेर पडलो असं समजायला हरकत नाही. या पट्ट्याकडे तीन बाजूंनी वाटा येतात. माळव्यातून दाहोद-गोध्र्यावरून उतरणारी एक, खानदेशातून तापीच्या खोऱ्याने येणारी दुसरी आणि पाटण-धोळक्याकडून मही उतरून येणारी तिसरी. तिन्ही वाटा भरूच आणि खंभातच्या बंदरांकडे धावतात. माळव्याच्या राजाला समुद्र हवा तर लाट हवी. देवगिरीच्या राजाला खानदेशातला माल उत्तरेच्या बंदरांवर न्यायचा तर लाट हवी. आणि पाटणच्या राजाला या दोघांना महीपलीकडे रोखायचं तर लाट हवीच हवी. हा झगडा कुणा एका राजाच्या हट्टातून निघालेला नाही. घराणी बदलली तरी तो तसाच राहिला.

किती जुना, ते बघा. बडोद्यात सापडलेला, लाटेतल्या राष्ट्रकूट शाखेच्या कर्क सुवर्णवर्षाचा ताम्रपट शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२ चा आहे. त्यात अंकोट्टक चौऱ्याऐंशीतलं, म्हणजे चौऱ्याऐंशी गावांच्या गटातलं, वडपद्रक गाव वलभीहून आलेल्या भानू नावाच्या ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. अंकोट्टक म्हणजे आपलं अकोटा आणि वडपद्रक म्हणजे आपलं बडोदे. आपल्या शहराचा हा फार जुना उल्लेख म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. पण त्याच पटातली राजकीय ओळ मला जास्त मोलाची वाटते. सम्राट तिसऱ्या गोविंदाने कर्काचा बाहू हा गुर्जरेश्वराच्या, म्हणजे गुर्जर-प्रतिहार राजाच्या दिशेचा अडसर केला आणि मार खाल्लेल्या माळव्याचं रक्षण केलं, असं तो पट सांगतो. लाटेचं काम काय, हे त्या एका ओळीत आलं. गुर्जर माळव्यावर चालून येऊ नये म्हणून दाराला लावलेला हा अडसर, आणि तो लावला दख्खनच्या राजाने. चारशे वर्षांनी सिंघण आला तेव्हाही मांडणी जवळजवळ हीच होती.

मधली चारशे वर्षं भराभर सांगतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणीच्या चालुक्य राजाने, दुसऱ्या तैलपाने, बारप्प नावाच्या सरदाराला लाटेत बसवलं. पाटणच्या मूळराजाला एकीकडे सपादलक्षचा (सांभर-अजमेरकडचा) चाहमान, म्हणजे चौहान राजा, आणि दुसरीकडे हा बारप्प, असा दुहेरी पेच पडला. पुढे मूळराजाच्या मुलाने, चामुंडराजाने बारप्पाला मारलं असं पुढच्या काळातला जैन ग्रंथकार हेमचंद्र सांगतो. तरीही बारप्पाचा वंश लाटेत टिकून राहिला. कीर्तिराजाचा १०१८ चा ताम्रपट आहे, त्रिलोचनपालाचा त्यानंतर तीसएक वर्षांचा. मधल्या काळात धारच्या भोजाने कीर्तिराजाला नमवलं. मग १०७४ मध्ये पाटणचा कर्ण नवसारीच्या बाजूला गाव दान देताना दिसतो, म्हणजे तोवर सोळंक्यांचा हात तिथवर पोचला होता. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याचा सुभटवर्मा गुजरातेत घुसला आणि डभोईच्या वैद्यनाथ मंदिराचे सोन्याचे कळस घेऊन गेला. पुढे वाघेल्यांचा मंत्री वस्तुपाल याने ते पुन्हा चढवले, अशी नोंद आहे.

आता सिंघणाकडे येतो. इथे मात्र थांबून बघायला हवं.

त्या वेळी पाटणच्या गादीवर दुसरा भीम होता. तो ११७८ ते १२४१ च्या सुमारापर्यंत राजा होता, पण सत्ता त्याच्या हातातून निसटत गेली होती. खरा कारभार धोळक्याचा राणा लवणप्रसाद वाघेला, त्याचा मुलगा वीरधवल आणि वस्तुपाल-तेजपाल हे मंत्री बंधू बघत होते. देवगिरीला सिंघण. यादवांचा सगळ्यात मोठा पसारा त्याच्याच काळातला. त्याने गुजरातवर एकदा नव्हे, अनेकदा स्वाऱ्या केल्या.

या स्वाऱ्यांतल्या एकीचं वर्णन गुजरातच्या राजपुरोहिताने, सोमेश्वराने ‘कीर्तिकौमुदी’त केलं आहे. सिंघणाची फौज येते आहे ही बातमी लागताच काय झालं, ते तो सांगतो. कुणी नवं घर बांधायला घेईना. कुणी धान्य साठवेना. शेतात उभं पीक सोडून लोक गाड्या मिळवायच्या मागे लागले. शत्रू जसजसा जवळ येत गेला तसतशी माणसं लांब लांब सरकत गेली. राजांच्या भांडणाची झळ रयतेला कशी लागते हे त्या काळच्या काव्यात इतकं उघड फारसं येत नाही. दरबारी कवी हत्ती मोजतात, घोडे मोजतात. सोमेश्वराने गाड्या शोधणारे शेतकरी बघितले, म्हणून मी त्याला फार मानतो.

लवणप्रसाद थोडी फौज घेऊन महीकाठी आला. पण तिथे उभं राहणं त्याला परवडेना, कारण पाठीमागून मारवाडचे चार राजे उठले. आणि याच नाजूक घडीला त्याच्या बाजूने आलेले गोध्र्याचे आणि लाटेचे मांडलिक त्याला सोडून मारवाडच्या राजांना जाऊन मिळाले. लवणप्रसादाला पाठ फिरवून उत्तरेकडे धावावं लागलं. दक्षिणेचं दार सताड उघडं. तरीही यादवांची फौज पुढे आली नाही! का, याचं सोमेश्वर देतो ते कारण असं: सिंह निघून गेला तरी त्याच्या वाटेने हरणं जात नाहीत.

कवीने आपल्या धन्याची बाजू सावरली, हे त्याचं कामच होतं. पण इतिहास वाचणाऱ्याने इथे अडायला हवं. गावं जाळत आलेली फौज समोरचा शत्रू निघून गेल्यावर भिऊन थांबत नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं आणि याचा उलगडा एका तहात शोधला.

त्या तहाचा मजकूर ‘लेखपद्धति’ या संग्रहात आहे. हा संग्रह म्हणजे कारकुनांसाठी केलेली नमुन्यांची चोपडी. गहाणखत कसं लिहावं, गावाचा पट्टा कसा द्यावा, दासीची खरेदी कशी नोंदवावी, दोन राजांत तह झाला तर तो कसा मांडावा, सगळं त्यात आहे. आपल्या बडोद्यातूनच १९२५ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला गेला. चिमणलाल दलाल यांनी हाती घेतलेलं काम त्यांच्या अकाली मृत्यूनंतर गजानन श्रीगोंदेकर यांनी तडीस नेलं. एक गुजराती आणि एक मराठी माणूस एकाच मजकुरावर राबले, आणि मजकूर तरी कुठला, तर यादव आणि वाघेला यांच्यातल्या समेटाचा. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात ही गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

तहाची कलमं साधी आहेत. मिती संवत १२८८ वैशाख शुद्ध पौर्णिमा, म्हणजे इ.स. १२३१ च्या आसपास. एका बाजूला महाराजाधिराज सिंघणदेव, दुसऱ्या बाजूला महामंडलेश्वर राणा लवणप्रसाद. दोघांनी पूर्वापार चालत आलेल्या आपापल्या देशात राहावं. कुणी कुणाची भूमी आक्रमू नये. एकावर बलवान शत्रू चालून आला तर दुसऱ्याने मदत करावी. एकाकडचा कुणी राजपुत्र मौल्यवान चीजवस्तू घेऊन दुसऱ्याकडे पळाला तर त्याला आसरा देऊ नये, माल परत करावा.

दोन गोष्टी बारकाईने बघा. पहिली म्हणजे गुजरातच्या बाजूने नाव राजा भीमाचं नाही, राण्याचं आहे. सिंघण आपली पदवी पुरती लावतो आणि समोरच्याला मांडलिकाची पदवी असतानाही त्याच्याशी बरोबरीने करार करतो. देवगिरीला ठाऊक होतं, पाटणच्या सिंहासनाशी बोलून उपयोग नाही, धोळक्याशी बोलायला हवं. दुसरी म्हणजे, ‘पूर्वापार आपापला देश’ असं म्हटलं, पण तो कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते लिहिलंच नाही. लाटेचं नाव कुठेच नाही. ज्या मुलखावरून एवढं रामायण घडलं तोच तहात मोघम राहिला. असे तह फार दिवस टिकत नाहीत.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. हा नमुना आहे, राजाच्या दफ्तरातली अस्सल प्रत नव्हे. संग्रहातल्या इतर अनेक नमुन्यांवरही संवत १२८८ हेच साल आहे, त्यामुळे नेमक्या त्या दिवशी तह झाला असं ठामपणे लिहू नका. पण चोपडी लिहिणाऱ्याने तहाच्या नमुन्यासाठी हीच दोन नावं का निवडली? असा काही समेट लोकांच्या माहितीतला असल्याशिवाय तो ही जोडी घेणार नाही, हा भांडारकरांचा तर्क मला आजही पटतो.

आता ज्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही त्या माणसाकडे येऊ. लाटेचा चाहमान मांडलिक शंख, म्हणजेच संग्रामसिंह. पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळही मिळत नाही आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्याच्याकडे आहे. माळवा, देवगिरी आणि धोळका या तिघांच्या मधोमध बसून त्याला आपलं राज्य सांभाळायचं होतं. खंभात आपल्या बापाचं, असा त्याचा दावा होता, आणि वस्तुपाल तिथे अधिकारी म्हणून गेल्यावर शंखाने खंभातवर चाल केली. वस्तुपालाने ती परतवली. शंख कधी माळव्याकडे झुकला, कधी यादवांच्या फौजेबरोबर आला, कधी लवणप्रसादाच्या छावणीत दिसला. त्याला फितूर म्हणणं सोपं आहे, आणि गुजरातचे जैन प्रबंधकार तसं म्हणतातही. पण तिन्ही बाजूंनी फौजा येणार आणि दर वेळी पहिलं गाव आपलंच जळणार, असं ज्याला दिसतंय त्याने काय करावं? ज्याची फौज दारात, त्याला रामराम.

धोळक्याच्या मंत्र्यांना ही नस बरोबर कळली होती. जयसिंहसूरीच्या ‘हम्मीरमदमर्दन’ नाटकात (हेही बडोद्याच्या त्याच ग्रंथमालेत छापलेलं आहे) सिंघणाला परतवायला तलवार लागतच नाही, हेरच ते काम करतात. एक हेर माळव्याच्या देवपालाचा नावाजलेला घोडा पळवून संग्रामसिंहापर्यंत पोचवतो. मग तापसाच्या वेषातला हेर सिंघणाच्या माणसांच्या हाती मुद्दाम सापडतो आणि त्याच्या जटेत देवपालाच्या नावाने संग्रामसिंहाला लिहिलेलं पत्र निघतं: हा घोडा भेट पाठवला आहे, सिंघण गुजरातेत शिरला की तुम्ही मागून वार करा, मीही येतो. पत्र बनावट. पण घोडा खरा, त्याच्या अंगावर देवपालाची खूण. सिंघणाचा संशय पक्का होतो, आणि संग्रामसिंह जीव घेऊन पळतो. नाटक आहे, तेव्हा जसंच्या तसं घेऊ नका. तरी ते लिहिलं गेलं प्रसंगाच्या फार तर काही वर्षांच्या आत, आणि लाटेचा मांडलिक ज्याच्यावर रुसला त्याची स्वारी फसली, हे प्रेक्षकांना सहज पटणारं होतं. माझ्या दृष्टीने पुरावा तेवढाच आणि तो पुरेसा आहे.

तहाची गरज दोघांनाही होती, हेही ध्यानात घ्या. गुजरातला उत्तरेची धास्ती होती. कुत्बुद्दीन ऐबकाने ११९७ मध्ये पाटण लुटलं होतं आणि दिल्लीचा सुलतान इल्तुतमिश याचा दबाव वाढत होता. १२३४-३५ मध्ये तर तो भेलसा (आजचं विदिशा) आणि उज्जैनपर्यंत पोचला. दोन्ही आघाड्या एकदम लढवणं लवणप्रसादाला शक्य नव्हतं. सिंघणालाही दक्षिणेत होयसळांकडे बघायचं होतं, माळव्याशी वैर होतं, आणि घरापासून एवढ्या लांब फौज पोसायची म्हणजे लाटेच्या मांडलिकाच्या भरवशावर राहणं आलं. त्या भरवशाचं काय ते वर आलंच.

तह टिकला का? नाही. आणि याची साक्ष गुजरातेत नाही, मराठवाड्यात आहे, अंबाजोगाईला. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर तिथला. त्याचा मुलगा राम गुजरातवरच्या स्वारीत नर्मदेच्या काठी लढताना पडला. त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत रामनारायणाचं देऊळ बांधलं. त्याचा शिलालेख शके ११६२ चा आहे, म्हणजे १२४० चा. नर्मदा इथून किती जवळ! चांदोदला आपण श्राद्धाला, स्नानाला जातो. त्याच नदीच्या काठावर कुठेतरी बापाच्या जागी फौज घेऊन आलेला हा मुलगा मेला. मला हा लेख वाचताना दर वेळी वाटतं, सेनापतीच्या प्रशस्तीत, म्हणजे स्तुतिलेखात, ‘गुर्जराचा गर्व उतरवला’ असं कितीही लिहिलं असलं तरी लक्ष्मीच्या देवळाने या युद्धाचा खरा हिशेब ठेवला.

पुढच्या पिढीतही हेच चालू राहिलं. वीरधवलाचा मुलगा वीसलदेव आपल्या १२६१ च्या कडीच्या ताम्रपटात स्वतःला सिंघणाच्या सैन्यरूपी समुद्राला शोषणारा वडवानल, म्हणजे समुद्रातला अग्नी, म्हणवतो. तिकडे यादव कृष्ण आणि महादेव यांच्या प्रशस्तींमध्ये वीसलावर विजय मिळवल्याचे दावे आहेत. दोन्हीकडे विजयच विजय, पराभव कुणाचाच नाही. प्रशस्ती वाचताना हे गृहीतच धरायचं.

मग खरं काय ते कसं ठरवायचं? मी विद्यार्थ्यांना एकच सांगत आलो: विजय कोण सांगतो ते बाजूला ठेवा, दान कोण देतो ते बघा. जो राजा गाव इनाम देतो, त्याच्या चतुःसीमा लिहून देतो, स्थानिक अधिकाऱ्यांना आज्ञा करतो, त्याचा अंमल तिथे खरोखर चालतो. खानदेशात यादवांचा अंमल असा दाखवता येतो. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा लेख घ्या. सिंघणाच्या काळी तिथले निकुंभ सामंत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला उत्पन्न लावून देतात. एवढं बारीकसारीक जिथे चालतं, ती भूमी ताब्यातली. लाटेच्या बाबतीत यादवांच्या बाजूने समोर येतात ते स्वाऱ्यांचे आणि विजयांचे उल्लेख. उलट डभोईत वैद्यनाथाच्या देवळाची वीसलदेवाच्या काळची १२५३ ची प्रशस्ती आहे, ती लिहिणारा पुन्हा सोमेश्वरच. देवळं दुरुस्त करणं, कोट राखणं हे काम वाघेल्यांचं दिसतं. तराजू त्यांच्या बाजूला झुकतो, पण पूर्ण नव्हे; नर्मदेच्या दक्षिणेला तर तो सतत हलताच राहिला.

म्हणून नकाशाबद्दल माझा सल्ला असा. खानदेश यादवांच्या रंगात भरा. महीच्या उत्तरेला सोळंकी-वाघेल्यांचा रंग. मही ते नर्मदा वाघेल्यांच्याच रंगाच्या तिरक्या रेघा मारा आणि नर्मदा ते तापी दोन्ही रंगांच्या रेघा एकमेकींवर. वर ‘लाट: चाहमान मांडलिक’ असं लिहा. ज्या पुस्तकात हा पट्टा एकाच रंगात सपाट भरलाय ते पुस्तक कालखंड कुठला धरलाय हेही सांगत नसेल, तर ते बाजूला ठेवलेलं बरं.

आपल्याकडे या विषयावर बोलताना आणखी एक गडबड होते. मराठी मंडळी सिंघणाला ‘आपला’ धरतात, शेजारचे गुजराती मित्र लवणप्रसादाला, आणि मग १९६० च्या राज्यसीमेवरचं भांडण तेराव्या शतकात नेऊन लढतात. सोमेश्वराच्या काव्यातल्या शेतकऱ्यांना गाडी हवी होती, झेंडा नको होता. शंख या दोन्हीपैकी कुणाचाच नव्हता.

परीक्षेत हा प्रश्न आला तर क्रम असा ठेवा: तीन वाटा आणि बंदरं, राष्ट्रकूटांपासूनची परंपरा दोन ओळींत, सिंघणाच्या स्वाऱ्या, मारवाडच्या राजांचा उठाव, १२३१ च्या सुमाराचा तह आणि त्याच्या अस्सलपणाबद्दलची शंका, अंबाजोगाईचा १२४० चा लेख, वीसलदेव. शेवटी अलाउद्दीन खलजीने १२९६ मध्ये देवगिरी लुटली आणि १२९९ मध्ये त्याच्या सरदारांनी गुजरात घेतलं, कर्ण वाघेल्याला आसरा मिळाला तो देवगिरीच्या रामचंद्राकडे, एवढं आलं की उत्तर पुरं. शब्दमर्यादा आड आली तर राष्ट्रकूट गाळा, शंख गाळू नका.